२६३ दिवसांचा मुक्काम

(ग्रामदेवता मंदिराच्या कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी आभारी आहे. मी तहसील कचेरीतला एक साधा कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. माझा हात बारनिशीच्या वहीत चालतो, व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही. देवळाचा इतिहास जाणत्या मंडळींनी सांगितला आहे, हिशेब खजिनदारांनी मांडला आहे. तेव्हा त्या दोन्ही गोष्टींत मी शिरत नाही. या जीर्णोद्धाराचे मूळ ज्या वर्षात आहे त्या २०२० साली, माझा धाकटा भाऊ परदेशी परत जाण्यापूर्वी गावात मोठा मुक्काम करून राहिला होता. त्या मुक्कामाच्या काही आठवणी आपल्यापुढे ठेवतो. गोष्ट घरगुती आहे. परंतु ज्या घरातले माणूस बाहेर नाही असे घर आपल्या गावात शोधूनही सापडायचे नाही. म्हणून ती आपल्या सर्वांची समजावी.

आपल्या दापोली तालुक्याला बाहेर जाणे नवीन नाही. आपले आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरण्यांत गेले. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत गावची पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपली आणि दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन वाडीत आला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात आपल्या गावची कितीतरी घरे एका दमात बसली. आमचे वडील त्याच संपात गावी परतले. मी तेव्हा पाळण्यात होतो. हाती जी काही शिल्लक होती तिच्यातून त्यांनी पऱ्ह्याच्या कडेला सुपारीची बाग केली. त्या बागेवर आम्ही दोघे भाऊ शिकलो. मला कचेरीत नोकरी मिळाली. भाऊ आय.टी.आय. करून २००८ साली दुबईला गेला. तेथे तो वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो.

मुंबईहून दुबईला विमान तीन-साडेतीन तासांत पोहोचते. आपल्या गावाहून मुंबईला एस.टी.ला त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. असे असूनही दुबई लांब आणि मुंबई जवळ, कारण अंतर रजेने मोजायचे असते. भावाला वर्षाकाठी ३० दिवसांची रजा. १२ वर्षांच्या १२ रजा धरल्या तरी बेरीज ३६० दिवस होते, म्हणजे पुरते एक वर्षसुद्धा भरत नाही. त्या तीस दिवसांत दोन-चार दिवस प्रवासात, चार दिवस बँकेत व कचेऱ्यांत, आठ दिवस पाहुण्यांकडे आणि उरलेले दिवस बॅग भरण्याच्या काळजीत जात. तो यायचा तोही शिमग्याला नाही तर गणपतीला. म्हणजे गाव नटलेले असतानाच त्याने पाहिले. आपणापैकी जी मंडळी बाहेर आहेत त्यांना हे सांगायला नको.

५ मार्च २०२० रोजी तो असाच शिमग्यासाठी आला. परतीचे तिकीट ४ एप्रिलचे होते. ९ मार्चला होळी लागली आणि त्याच दिवशी पुण्यात करोनाचे महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडल्याची बातमी आली. ते रुग्ण दुबईहूनच परतलेले होते. वाडीत कुजबुज सुरू झाली. कोणी उघड बोलले नाही, तरी पाणवठ्यावर विषय निघत होता. भावाने आपण होऊन पडवीतल्या खोलीत १४ दिवस बसून काढले. देवीची पालखी अंगणात आली, ओटी भरली गेली, ढोल वाजले. तो खिडकीच्या गजांआडून हात जोडून उभा राहिला. बारा वर्षे ज्या पालखीसाठी तो जीव टाकत आला, ती अंगणात नाचत असताना त्याला खांदा देता आला नाही. गुरवकाकांनी मात्र गाऱ्हाणे घालताना त्याचे नाव घेतले आणि अंगारा खिडकीतून आत दिला, हे आमचे घर विसरलेले नाही.

२३ मार्चपासून परदेशी विमाने बंद झाली. २५ तारखेला देशभर टाळेबंदी आली. ४ एप्रिलचे तिकीट कपाटातच राहिले.

पहिले दोन महिने तो घरात पाहुण्यासारखाच होता. आमच्या आईची एक रीत आहे. परगावाहून आलेल्या माणसाला ती फळीवरचे मोठे काठाचे ताट काढून वाढते. घरच्यांना रोजची ताटे, त्यातली एक-दोन पोचे आलेली. भावाला बारा वर्षे मोठे ताट मिळत होते. मे महिन्यात केव्हातरी एके दुपारी आईने त्याच्यापुढे पोचे आलेले ताट मांडले. तिच्या ते ध्यानातही आले नाही. भाऊ ताटाकडे बघत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "दादा, आज मी घरी आलो." आम्ही दोघेही हसलो. पण माझ्या मनाला ते वाक्य लागले. माणूस आपल्या घरी पोहोचायला विमानाने तीन तास आणि मुक्कामाने दोन महिने लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

मग तो हळूहळू कामाला लागला. त्या वर्षी हापूस तयार झाला आणि वाहतुकीची पंचाईत. त्याने वाडीतल्या पोरांना घेऊन पेट्या भरल्या, पेंढा लावला, मुंबईतल्या सोसायट्यांना फोन करून थेट गिऱ्हाईक जोडले. शेतावर राब भाजायला गेला. मे महिन्यात मुंबईकर मंडळी परत येऊ लागली. त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवायचे ठरले, तेव्हा गावकरी आणि मुंबईकर यांच्यात थोडी बोलाचाली झाली. ती इथे उगाळत नाही. एवढेच सांगतो, की शाळेच्या कुंपणापर्यंत दोन वेळचे जेवण आणि पिण्याचे पाणी नेऊन ठेवण्याचे काम भावाने अंगावर घेतले. तो म्हणायचा, खिडकीच्या आत बसणे काय असते ते मला ठाऊक आहे.

आणि मग ३ जून उजाडला. निसर्ग चक्रीवादळ आपल्या उत्तरेला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा दापोली-मंडणगडच्या डोक्यावरून गेला. मी कचेरीत नियंत्रण कक्षात होतो. फोन बंद, वीज बंद, रस्त्यावर झाडे आडवी. घरी काय झाले हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत गावात आलो तेव्हा समजले. आमच्या घराची पाठीमागची बाजू उघडी पडली होती. वडिलांची सुपारीची बाग काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी पडली होती. आणि आपल्या या देवळाच्या सभामंडपाचे आढे मोडून कौलांचा खच पडला होता. गाभाऱ्याला धक्का लागला नाही, ही देवीची कृपा.

आई, माझी बायको, वहिनी आणि पोरे यांना त्या दिवशी सकाळीच चिरेबंदी घरात हलवले होते ते भावाने. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना त्याने पाठुंगळी घेऊन नेले. वारा पडल्यावर तो आणि शाळेतली मुंबईकर पोरे कोयते-करवती घेऊन बाहेर पडली. विलगीकरण, गावकरी, मुंबईकर हे सगळे शब्द त्या संध्याकाळी वाऱ्याबरोबर उडून गेले होते. पहिला रस्ता त्यांनी देवळाचा मोकळा केला. गुरवकाकांची सांजवात चुकू नये म्हणून गाभाऱ्यावर ताडपत्री बांधली. त्या रात्री गावात दिवा होता तो फक्त इथे.

आमच्या वाडीत जवळजवळ महिनाभर वीज नव्हती. भावाचा हात यंत्रांचा. मंडपवाल्याचा जुना जनरेटर त्याने दुरुस्त केला. त्यावर विहिरीचा पंप एक तास चालायचा आणि त्याच तासात वाडीचे मोबाइल भारून घ्यायचे. दुबईत त्याने मोठमोठ्या इमारती थंड केल्या असतील. पण आपल्या हातचे पाणी आपल्या माणसांच्या हंड्यात पडताना पाहण्याचा आनंद त्याला तेथे कधी मिळाला नव्हता, असे तो अजून सांगतो.

माझ्याकडे त्या दिवसांत पंचनाम्यांच्या याद्या जुळवण्याचे काम होते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक फिरून तक्ते आणत. मी बेरजा करी. नारळ इतके, पोफळी इतक्या, आंबा, काजू, रातांबा इतके. शासनाने त्या वेळी बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. आपल्याकडच्या बागा गुंठ्यांत मोजायच्या, त्यामुळे हाती किती आले ते आपणांस माहीत आहे. तरी मदत ती मदत. मला मात्र त्या तक्त्यात एक गोष्ट सारखी जाणवत होती. झाडांची संख्या लिहायला रकाना होता. झाड कोणी लावले, त्यावर कोणाची मुले शिकली, याला रकाना नव्हता. तो रकाना आपला आपणच मनात भरायचा असतो.

भावाने तो जमिनीत भरला. जुलैमध्ये दापोलीहून रोठा सुपारीची रोपे आणली. पडलेली खोडे बाजूला करून वडिलांच्याच ओळीत खड्डे घेतले. कोवळ्या पोफळीला सावली लागते म्हणून मध्ये केळी लावल्या. सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. मी त्याला म्हटले, "अरे, तू तर दोन महिन्यांत जाणार, हे कोण बघणार?" तो म्हणाला, "बाबांनी लावली तेव्हा तरी त्यांना कुठे ठाऊक होते, कोण बघणार ते." आणि रोपांना पाणी घालण्याचे काम त्याने आपल्या मुलीकडे दिले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

बारा वर्षांत त्याने आपला पावसाळा पुरता पाहिला नव्हता. तो त्या वर्षी त्याने सबंध पाहिला. आषाढात गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी केली. पहिल्या दिवशी कंबर धरली म्हणून वहिनीने कुळथाच्या पिठीबरोबर चार बोलही ऐकवले. पहिल्या पावसानंतरची टाकळ्याची भाजी त्याने बारा वर्षांनी खाल्ली, कारण टाकळ्याला रजेचे वेळापत्रक कळत नाही. रात्री बत्ती घेऊन पोरांबरोबर कुर्ल्या धरायला गेला. गणपती २२ ऑगस्टला आले. गर्दी नाही, भजनाला मोजकी माणसे, पण आरतीला घरातला प्रत्येक माणूस हजर, असे आमच्याकडे कित्येक वर्षांत झाले नव्हते. ऑक्टोबरमध्ये आपण लावलेले भात त्याने आपल्या हाताने कापले. नव्या तांदळाची पेज आईने त्याला दिली, ती अर्थात पोचे आलेल्या ताटाबरोबरच्या वाटीत.

ऐकताना हे सगळे गोड वाटते. परंतु त्याच्या जिवाला घोर होता, तोही सांगितला पाहिजे. एप्रिलपासून पगार नव्हता. घर दुरुस्तीचे कर्ज डोक्यावर आले होते. एरवीच्या नियमाने सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तर तिकडचा निवासी परवाना जातो. ३१ ऑगस्टला त्याचे १८० दिवस भरले. त्या रात्री तो ओट्यावर जागा होता. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने विचारले, "दादा, इथेच राहिलो तर?" मी कारकून माणूस, मी कागद घेतला. सुपारी अजून सहा वर्षे नाही, भात घरच्यापुरते, जनरेटर दुरुस्तीचे कोणी पैसे देत नाही आणि आपण घेतही नाही. मुलीचे शिक्षण, आईचे औषध, कर्जाचा हप्ता. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळेनात. तो कागद आम्ही दोघांनी बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता घडी करून ठेवला. गावातून माणसे हौसेने जात नाहीत, हे येथे बसलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे. पुढे त्याला परत येण्याची खास परवानगी मिळाली आणि जाण्याचे नक्की झाले.

त्या काळात राज्यातली देवळे दर्शनासाठी बंद होती. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, ती उघडली. आपणही त्या दिवशी ताडपत्रीखाली उभे राहून नारळ फोडला. त्याच सकाळी, बाहेरच्या पारावर, अंतर ठेवून गावकीची बैठक बसली आणि जीर्णोद्धाराचा विषय निघाला. कौले घालावीत की स्लॅब टाकावा, चिरा कोणत्या खाणीचा, माणशी वर्गणी किती, अशी चर्चा चालली. मुंबईचे आकडे आले, परदेशातल्या मंडळींचे आकडे फोनवर आले. भावाने शेवटी हात वर केला. त्याच्याजवळ त्या दिवशी देण्यासारखी मोठी रक्कम नव्हती. तो म्हणाला, "पैसे प्रत्येक जण आपापल्या ऐपतीने देईल. परंतु पैशांबरोबर प्रत्येकाकडून दिवसही मागा. मी माझ्या पुढच्या प्रत्येक रजेतले पाच दिवस देवळाच्या कामाला लिहून देतो."

त्यातून आपली दिवसांची वही निघाली. ती लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले आणि गेली पाच वर्षे मी ते करीत आलो. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात कबूल केलेले दिवस, तिसऱ्यात प्रत्यक्ष भरलेले दिवस. कोणी चिरे उचलले, कोणी वाळू चाळली, कोणी रंगाचे काम केले, कोणी गवंड्यांना जेवण रांधले. नव्वदीच्या घरातल्या एका आजीने वाती वळून दिवस भरले. पहिली वही संपून दुसरी चालू आहे. देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली गेली, ते योग्यच झाले. त्यांच्या घामाच्या पैशावाचून हा कळस चढला नसता. परंतु या भिंतीतला चिरा कोणत्या हातांनी बसवला ते त्या वहीत आहे, म्हणून ती वही देवीच्या पेटीत ठेवावी अशी माझी समितीला नम्र विनंती आहे.

२२ नोव्हेंबरला भाऊ गेला. जाण्याच्या दिवसासकट मोजले तर मुक्काम २६३ दिवसांचा झाला. पूर्वी तो निघाला की मुलगी "पुढच्या वेळी काय आणणार?" असे विचारायची. या वेळी तिने विचारले, "पप्पा, सुपारीला दिवसाआड पाणी घालू की रोज?" गाडी वळेपर्यंत तो तिला पाण्याचेच सांगत होता. आईने डोळे पुसले आणि त्याचे ताट फळीवर ठेवले नाही. रोजच्या ताटांतच ठेवले. ते अजून तेथेच आहे. आता तो ३० दिवसांसाठी आला तरी त्यातच जेवतो.

यंदा त्या बागेतल्या काही झाडांना पहिली सुपारी धरली. आजच्या पूजेतल्या सुपाऱ्या त्याच आहेत. भावाला आज रजा मिळाली नाही. त्याचे पाच दिवस तो गेल्या शिमग्यात भरून गेला, सभामंडपाच्या विजेच्या तारा त्याच्याच हाताने ओढलेल्या आहेत.

मंडळी, आपले देऊळ सुंदर झाले. वारा-पावसाला आता ते दाद देणार नाही. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा काम अर्धवट होते, तरी ताडपत्री हलली नाही, कारण ती बांधणारे हात गावात होते. माझी भीती वादळाची नाही. संध्याकाळी वरच्या वाडीकडे पाहिले, की कुलपे लागलेली घरे दिसतात. काहींच्या अंगणात गवत छातीएवढे वाढले आहे. देऊळ बांधायला पैसा पुरतो. सांजवात लावायला मात्र कोणीतरी गावात असावे लागते. पालखीला खांदा द्यायला आठ माणसे लागतात, आणि ती फोनवरून देता येत नाही.

बाहेर असलेल्यांना मी परत या असे म्हणणार नाही. त्या रात्रीचा कागद माझ्याजवळ अजून आहे. माझे मागणे लहान आहे. आयुष्यात एकदा तरी रजा जोडून, नोकऱ्यांच्या मधला काळ धरून, निवृत्तीनंतर म्हणा, गावात एक मोठा मुक्काम करा. एक सबंध पावसाळा पाहा. आपल्या मुलांना आजीच्या रोजच्या ताटात जेवू द्या. एक झाड लावा आणि त्याला पाणी घालणारे माणूस नेमून जा. आणि गावात राहणाऱ्या आम्हा मंडळींना हे सांगणे, की येणाऱ्याला फार दिवस पाहुणा ठेवू नका. त्याच्या हातात लवकर कोयता द्या, चार बोलही ऐकवा, म्हणजे त्याला घर सापडेल.

दिवसांची दुसरी वही उजव्या बाजूच्या टेबलावर ठेवली आहे. देवळाचे काम संपले, तरी आवाराची फरसबंदी, विहिरीचा उपसा आणि दरवर्षीचा शिमगा आहेच. प्रसाद घेऊन जाताना ज्याने त्याने आपल्या सोयीने दिवस लिहावेत. एक लिहिला तरी चालेल.

ज्यांनी तन, मन, धनाने या कार्यास हातभार लावला त्या सर्वांना ग्रामदेवता सुखी ठेवो, बाहेर असलेल्यांना सुखरूप घरी आणो आणि आपल्या गावातला सांजेचा दिवा असाच तेवत ठेवो, अशी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

जय महाराष्ट्र.